साखऱ्याची मुकी कॅसेट

हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. आता लग्नांचं शूटिंग घेत नाही. गुडघे साथ देत नाहीत. लोकांच्या जुन्या लग्नांच्या कॅसेटी पेनड्राइव्हमध्ये उतरवून देतो. काम बसून करायचं असतं आणि नवरदेवाच्या मित्रांशी संबंध येत नाही, ही त्यातली मोठी सोय.

मागच्या उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याहून एक बाई आल्या. माहेर साखऱ्याचं, लग्नही तिथंच झालेलं, आणि शूटिंग मी केलेलं. मला ते लग्न काही आठवत नव्हतं, तरी मी म्हणालो, "व्हय व्हय, मोठा मांडव होता." मांडव सगळ्यांचाच मोठा असतो.

"लग्नाच्या सीडीवर नुसते गाणेच येऊन राहिले, दादा," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमी दिलेली ओरिजनल कॅसेट आणली. पाठवणीच्या टायमाला आबा मला काहीतरी बोलले. मी रडून राहिले होते, ध्यानात न्हाई राहिलं."

आबा म्हणजे त्यांचे वडील. ते वारून बरीच वर्षं झाली होती. "तोंड आठवतंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "आवाज आठवंना."

मी उद्या या म्हणालो आणि कॅसेट उतरवली. चित्र झकास, आवाज शून्य. पाठवणीत एक टोपीवाला माणूस मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बोलतोय, ओठ हलतायत, ऐकू काहीच येत नाही.

"काहून न्हाई येत आवाज?" दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं.

"वायर खराब," मी म्हणालो. आमच्या धंद्यात काही कळेनासं झालं की वायर खराब होते.

पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. तिन्ही बदलल्या. मग कॉम्प्युटरचं सेटिंग पाहिलं, तर ते खरोखरच चुकलेलं निघालं. मी खूश झालो, दुरुस्त केलं आणि सगळे तीन तास पुन्हा उतरवले. आता सगळं बराबर होतं आणि आवाज नव्हता. शेवटी दुसऱ्याच कुणाच्या तरी बारशाची कॅसेट लावली. बाळ असं रडलं की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. म्हणजे व्हीसीआर, वायरी, कॉम्प्युटर सगळे निर्दोष. खोट कॅसेटीतच.

मी फाइल सावकाश पाहायला बसलो. आंदणाची भांडी झाली, मग आंदणाचं कपाट आलं. कपाटाच्या आरशात खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक सडपातळ माणूस उभा. तो मी. कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात एक पिन, आणि तिला बोटभर तुटकी वायर लोंबतेय.

मग सगळं आठवलं. त्याआधीच्या एका लग्नात वराकडच्या मावशीनं वरणाला नावं ठेवली होती. ती कॅसेटीत आली, कॅसेट दोन्ही घरांनी पाहिली, आणि व्याह्याव्याह्यांचं बोलणं बंद झालं. बोल लावायला मात्र दोघंही माझ्याकडं आले. तेव्हापासून मी तुटक्या हेडफोनची पिन माइकच्या भोकात खुपसूनच शूटिंग करायचो. पिन घातली की कॅमेऱ्याला वाटतं बाहेरचा माइक लावला, आणि तो ठार बहिरा. नंतर वरून गाणी टाकायचीच असतात, मग लोकांचं बोलणं कशाला ठेवायचं? पुढं आसपासचे शूटिंगवालेही तेच करायला लागले. किती घरांची भांडणं मी वाचवली, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वायरीचं नाव घ्यायचा धीर झाला नाही. पिनेचं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आबा बोलले ते गेलंच."

"व्हय," मी म्हणालो.

कॅसेट परत देताना ती पार सुरुवातीपर्यंत गुंडाळून द्यायची, ही माझी जुनी पद्धत. गुंडाळली आणि नीट झाली का पाहायला प्ले दाबलं. पडद्यावर मुंग्या आल्या. उतरवताना या मिनिटभराच्या मुंग्या मी नेहमी सोडून देतो, या वेळीही दोनदा सोडल्या होत्या. मुंग्यांच्या मागून मांडवाचा कोपरा आला, आणि एकदम आवाज. पिन घालायच्या आधीचा.

"ओ मामा, सरका की, मधी येऊन राहिले." हा मी, चांगलाच खेकसलेला. हे मुलीचे वडील आहेत हे मला ठाऊक नसणार. टोपीवाला माणूस सतरंजी अंथरता अंथरता वर पाहतो.

"व्हय बाबू, सरकतो," म्हणतो, आणि सरकतो. मग खट्ट, आणि पुढं तीन तास काही नाही.

बाईंनी ते पाच-सहा वेळा लावायला सांगितलं. दर वेळी मी खेकसलो आणि दर वेळी ते सरकले.

तेवढाच तुकडा त्यांना मोबाइलमध्ये पाहिजे होता. मी म्हणालो, "ताई, माझं बोलणं कापतो. नुसता त्यांचा आवाज ठेवतो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "लेकरं इचारतील, आजा कोणाला सरकतो म्हणून राहिला."