मोतीरामभाऊंनी सांगितलेली मिनिटं

मोतीरामभाऊंइतका हुशार आणि तितकाच मूर्ख माणूस मी पाहिला नाही. अमरावतीच्या आमच्या सिरॅमिक कारखान्यात ते चौदा वर्षं प्रेसवर होते, आणि चौदाही वर्षं ठेकेदाराकडेच. चांदूर रेल्वेहून रोज मोटारसायकलनं यायचे. त्यांनी काढलेल्या पंपाच्या रिंगा मी तपासायचे. नापास करायला फारसं काही मिळत नसे.

काम ऐकायला सोपं. पातळ घोळ दाबानं साच्यात भरायचा. साचा पाणी बाहेर सोडतो, आत घट्ट रिंग उरते. पण दाब कधी सोडायचा, तिथं भल्याभल्यांची फजिती. लवकर सोडला तर रिंग पोटात ओली राहते आणि भट्टीत फुटते. उशीर झाला तर साच्यातच आकसून तडकते. भाऊ साच्याखाली ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघायचे आणि व्हॉल्व्ह फिरवायचे. घड्याळ लागायचं नाही.

जानेवारीत नितेश नावाचे नवे इंजिनीयर ऑटोमॅटिक प्रेस घेऊन आले. आठवडाभर भाऊंच्या मागे उभं राहून त्यांनी मिनिटं लिहून घेतली. "तुमचं पर्मनंटचं मी बघतो," म्हणाले. मिनिटं मशीनमध्ये गेली आणि भाऊ पोती उचलायला.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि रिंगा तडकू लागल्या. रोज निम्म्या भंगारात. नितेशसाहेबांचं तोंड उतरलं. खरं सांगते, मला आनंद झाला. जेवणाच्या सुट्टीत मी भाऊंना बजावलं, "आता तोंड उघडू नका. पयले पर्मनंटचा कागद मांगा."

त्यांनी मान हलवली, डबा धुतला आणि सरळ प्रेसपाशी गेले.

"साहेब, घोळ तापला की पानी लवकर सुटते. हे टाइम हिवाळ्यातलं हाये. चार मिनिटं कमी करा."

साहेबांनी आकडा बदलला. रिंग अखंड निघाली. मग साहेब विचारत गेले आणि भाऊ सांगत गेले, पावसाळ्याचंसुद्धा.

जूनमध्ये ठेकेदारानं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कागदाचं नावही कोणी काढलं नाही. गेटपाशी मी त्यांना अडवलं.

"काहून सांगतलं तुमी त्याले?"

"डोयासमोर रिंगा फुटून राहिल्या होत्या, ताई," ते म्हणाले. "पाहवत नव्हतं."

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा साहेबाचाही कधी आला नाही.