सुशीलच्या हातची आखणी

पेणजवळच्या जोहे गावचा सुशील माझा विद्यार्थी. तासाला पाटीवर हत्ती काढत बसायचा. रागावलं की निमूट पुसायचा, पण हत्तीचा डोळा सगळ्यात शेवटी. आता गावात त्याचा गणपतीचा कारखाना आहे. पार रोह्याहून लोक आपापला पाट घेऊन येतात आणि सांगतात, मूर्ती याच पाटावर, आणि आखणी सुशीलच्या हातची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं.

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत त्याच्या कामाचे फोटो छापायचे होते. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो छापताना फुटतात, म्हणून त्याला फोन घेऊन पेणला माझ्या घरीच बोलावलं. त्याची बायको अपेक्षा बरोबर आली होती. ती ब्रश घ्यायला बाजारात थांबली.

केबल जोडली तर फोन नुसता चार्ज होऊ लागला.

"फोन काहीतरी विचारतोय बघ," मी म्हटलं. त्याने 'फाइल ट्रान्सफर'वर बोट ठेवलं. निवडक चारच फोटो द्यायचे, असं त्याच्या मनात होतं. मी मात्र सगळेच कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. म्हटलं, मोठ्या पडद्यावर बघून निवडू.

पडदाभर एक अर्धा रेखलेला डोळा उघडला.

"हा असा का काढलायस?"

"डोळा तिरका झाला तर फोटोत लगेच दिसतो, बाई. म्हणून मधी मधी काढतो."

पुढच्या फोटोत तोच डोळा, आणि ब्रश धरलेला हात. हातात हिरव्या बांगड्या. त्यापुढे दुसरी मूर्ती, हात तोच. मग तिसरी.

"ते काढून टाका, बाई. चुकून आलेत."

त्याच्यापुढचा चहा तसाच गार झाला होता. त्याने कप का उचलला नाही, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोन्ही हात त्याने गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते.

तेवढ्यात अपेक्षा आली. पिशवी खाली ठेवून पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यो डावा वाईच वर गेलाय. मी तवाच बोललेली, तर हे म्हणे बरोबर हाय."

मी घाईने एका पूर्ण मूर्तीचा फोटो पडद्यावर उघडला आणि विचारलं, "हा घेऊ? खाली आखणी कुणाची लिहू?"

"त्यांचीच लिवा," अपेक्षा म्हणाली. "लोक त्यांच्या नावावर पाट आणतात."

त्याला गप्प राहता आलं असतं. मीही तसंच लिहिलं असतं. पण त्याचे कान लाल झाले, शाळेत व्हायचे तसे.

"ही आखते, बाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माझा हात थरथरायला लागला तवापासून. गिऱ्हाईक विचारतं, तुमच्याच हातची ना? मी व्हय म्हणतो. ही तिथंच बसलेली असते."

"मी कधी काय बोललेय काय?"

"नाय बोललीस. म्हणून तर."

अपेक्षाचा आवाज चढला. "छापून आल्यावर रोह्याची लोकं पाट परत नेतील, तवा काय करशील? कारखाना काय ह्या बाई चालवणार?"

पदर सारखा करत ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मी टाइप केलं : आखणी – अपेक्षा. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून ते वाचत होता. मग अगदी हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये असा, म्हणाला, "बाई, अंगाचा रंग अजून मीच देतो. तेवढं लिवलं तर चालेल?"

मी लिहिलं. वळून त्याच्याकडे बघायचं मात्र मी टाळलं.