मागाला बांधलेला पंप

महेशचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या दुकानात एका गिऱ्हाइकापुढं साडीचा पदर उलगडून बसलो होतो. तो नुसता "काका..." म्हणाला आणि थांबला. वडगावच्या त्या घरातून फोन आला की त्याच्या आवाजामागं मागांचा खडखडाट असायचाच. इतकी वर्षं मी त्या घराशी ओरडूनच बोलत आलो होतो. त्या दिवशी मागं काहीच ऐकू येईना. आणि मी शहाणा विचारतो, "करंट गेलाय का रं?"

"न्हाय काका. माग बंद केल्यात. आप्पा गेले."

सकाळचा चहा घेऊन भिंतीला टेकले ते टेकलेच. हृदय थांबलं. दम्यानं नाही गेले, हे मुद्दाम सांगतो, कारण मी वर गेल्यावर माझी पहिली झाडाझडती त्यावरूनच होणार आहे. दम्याला फुकटचं श्रेय दिलेलं आप्पांना आवडायचं नाही.

आप्पा म्हणजे महेशचे वडील, वडगावचे विणकर. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मी बेळगुंदीचा, शेतात काही उजेड पडेना म्हणून घरच्यांनी कापडाच्या दुकानात धाडलेला. आप्पांच्या साड्या निपाणीला न्यायचं काम माझ्याकडं आलं आणि त्यातून ओळख झाली. कापडाच्या धंद्यात मी एकच विद्या नीट शिकलो... दोष नेहमी घडीच्या आत घालायचा. आप्पांचं उलटं. विणताना कुठं तार सुटली असली की त्या जागी काठाला ते लाल दोरा बांधायचे, म्हणजे घेणाऱ्याला शोधत बसायला नको. तो दोरा मी दुकानात पोचायच्या आधीच, एसटीत बसून सोडून टाकायचो. त्यांना हे ठाऊक होतं. "तुझ्या मांडीवर माझं कितीक दोरं मेलं असतील रं बाळू," एवढंच म्हणायचे आणि बायकोला, म्हणजे आमच्या आक्काला, चहा टाकायला सांगायचे.

अशा माणसाला धाप लागायला लागली. आधी पहाटे शिंका, मग छातीत पिपाणी, मग दोन वाक्यांच्या मध्ये थांबणं. बोलता बोलता थांबणारे आप्पा बघवत नसत. मी उपाय घेऊन धावलो. अडुळशाचा काढा नेला, ओवा नेला, कुणीतरी सांगितलं म्हणून शेळीचं दूध नेलं. ते वाटेत नासलं आणि साड्यांच्या गठ्ठ्यावर सांडलं. त्या साड्यांना कुठं कुठं लाल दोरा बांधायचा, हे आप्पा मला बरेच दिवस विचारत होते.

महेश मात्र वैतागला होता. त्याला शहरात नोकरी. सुताचा कोंडा छातीत जातोय, माग विकून टाकू, हा त्याचा हेका. भंगारवाला येऊन माग बघूनही गेला होता. तो गेल्यावर आप्पा मागाच्या लाकडावरून हात फिरवत उभे राहिले आणि मला म्हणाले, "मी बसून काय करू रं? भिंती मोजू?" शेवटी असं ठरलं की बेळगावातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं आणि त्या म्हणतील तसं करायचं. माग राहणार की भंगारात जाणार, ते त्या तपासणीवर आलं.

आता माल दाखवायचा म्हटल्यावर माझ्यातला सेल्समन जागा झाला. तपासणीत आप्पा पास झाले पाहिजेत. बाजारात एकाकडं दम्याची पांढरी पुडी मिळायची, घेतली की माणूस टुणटुणीत. आठवडाभर आधीपासून मी ती आप्पांना चालू केली. ते खरंच खुलले. धुतलेलं धोतर, चापून बसवलेली टोपी... नवरी दाखवायला न्यावी तसं मी त्यांना नेलं. महेश आणि आक्काही बरोबर होते.

तिथं रक्त घेतलं. मग एका यंत्रात फुंकायचं होतं. पडद्यावर एक ढग. फुंक एकसारखी पडली तर तो दोन रेघांच्या मध्ये तरंगतो. मागांपुढं ओरडून जन्म गेलेले आप्पा. पहिल्या फुंकेला ढग पडद्याबाहेर. "हळू आजोबा, विझवायचं नाही काही," तिथली मुलगी म्हणाली. मी पुढं झालो, म्हटलं मी दाखवतो. माझा ढग जागचा हललाच नाही, नाक तेवढं वाजलं. तिसऱ्यांदा आप्पांनी डोळे मिटले, मागाच्या ठेक्यावर पाय हलवायला लागले आणि त्या ठेक्यावर श्वास सोडत गेले. ढग शहाण्यासारखा रेघांमध्ये राहिला.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी समजावलं. काही दम्यात ॲलर्जीच्या पेशी रक्तात वाढतात, श्वासातही त्या सुजेची खूण सापडते. तसा दमा तोंडात फवारायच्या पंपाच्या औषधाला चांगली दाद देतो. आप्पांच्या रक्तात त्या पेशी जवळजवळ नव्हत्या. श्वासही शांत.

"म्हणजे नॉर्मल," मी म्हणालो आणि आप्पांच्या पाठीवर थाप मारली.

"नॉर्मल," बाई म्हणाल्या. "म्हणून तर काळजी. ॲलर्जीची सूज नसेल तर मग सुताच्या कोंड्याचाच संशय येतो. तसं असेल तर माग सोडावे लागतील." मग कागद उलटून म्हणाल्या, "एकच गोष्ट जुळत नाही. ॲलर्जीचा एक आकडा रक्तात भरपूर आहे आणि बाकीचे सगळे गप्प."

माझी थाप आप्पांच्या पाठीवरच राहिली. महेशनं खाली बघितलं. ज्या मागांसाठी मी एवढी नटवानटवी केली, ते मीच भंगारात घालत होतो. पुडीचं मी घडीच्या आतच ठेवलं. तेवढ्यात आप्पांनी खिशातली उरलेली पुडी काढून टेबलावर ठेवली.

"ह्यो बाळू कापडवाला हाय, बाई. त्यानं मला घडी घालून आणलाय. तुम्ही उलगडून बघा."

बाईंनी पुडी हुंगली, बोटावर घेतली आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी आक्कालासुद्धा सांगितलेलं नाही. अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं, त्या म्हणाल्या; त्यानं पेशी दडून बसतात. "मला बरा झालेला माणूस आणून दाखवू नका हो. दमा असलेला दाखवा." आक्का म्हणाली, "ह्ये बरं दिसत्यात ते फुडनं. माझ्या शेजारी झोपत्यात तवा दाखवायचं हुतं."

पुडी बंद झाली. धाप लागली तर घ्यायला तात्पुरता पंप दिला, काही आठवड्यांनी परत बोलावलं. या वेळी आप्पा शिंकत, खोकत, मळक्या टोपीत गेले आणि ढग मात्र पहिल्या फुंकेत धरला. आकडे वर चढलेले. आयुष्यात एखाद्याचा वाईट रिपोर्ट बघून मी एवढा खूश कधी झालो नाही. दमा ॲलर्जीचाच निघाला, आणि मोठा गुन्हेगार होता गादीतल्या धुळीतला किडा. आक्काच्या माहेरची गादी. "माझ्या बापानं दिलेली," आक्का म्हणाली. "तरीच," आप्पा म्हणाले, आणि घरी येईपर्यंत बोलणी खाल्ली. गादी गेली. तोंडाला फडकं आलं, रोजचा पंप आला, अधूनमधून जाऊन फुंकणं आलं. आकडे उतरत गेले. बाईंनी माग चालू ठेवायला होकार दिला तेव्हा महेशनंच भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

रोजचा पंप सापडायचा नाही म्हणून आप्पांनी तो मागालाच बांधला. लाल दोऱ्यानं. मी म्हटलं, आप्पा, हे काय? तर म्हणाले, "घ्यायच्या आधी हालवायचा असतोय न्हवं? माग हालवतोय की." आणि वर, "शिवाय दोष कुठं हाय ते लोकांना कळाय नको व्हय?"

दिवसकार्य झाल्यावर परवा साड्या आणायला वडगावला गेलो. गल्लीच्या तोंडाशीच खडखडाट ऐकू आला आणि पाय जरा रेंगाळले. महेश सुट्टीच्या दिवशी माग चालवतोय, आप्पांनी लावलेला उभ्या सुताचा ताणा अर्ध्यात राहिलाय म्हणून. आक्कानं चहा टाकला. आप्पांच्या मागापाशी गेलो तर पंप तिथंच, प्रत्येक ठोक्याला हलतोय... घ्यायला अगदी तयार. सवयीनं माझा हात लाल दोऱ्याच्या गाठीकडं गेला. एवढी वर्षं सोडत आलेला हात, तो काय ऐकणार.

"काका, सोडू या का तो?" महेश मागाच्या आवाजात ओरडला.

"राहू दे रं," मीही ओरडूनच म्हणालो, आणि हात खिशात घातला.