चिक्कीच्या आधारावर मोटार

चिक्कीवर मोटार तोलून धरता येत नाही, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

लोणावळ्याच्या बाजारात माझे चिक्कीचे दुकान. घरी एक जुनी बदामी मोटार. माझे साडू वसंतराव तळेगावला राहायचे आणि त्यांच्याकडेही तसलीच मोटार होती. (तसलीच, पण धुतलेली!) पेट्रोल परवडायचे त्या काळातली ही गोष्ट आहे. काही हौशी मोटारवाले दर उन्हाळ्यात परंदवडीजवळच्या सरळसोट रस्त्यावर शर्यत भरवायचे. दोन मोटारी शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडले की सुसाट सुटायचे आणि पाव मैलावरच्या चुन्याच्या रेघेपाशी जो आधी पोचेल तो जिंकला.

आदल्या वर्षी मला मागे टाकून वसंतराव जिंकले. जिंकले ते जिंकले, वर मिळालेला चषक त्यांनी सासूबाईंना नेऊन दिला! सासूबाईंच्या बैठकीत एक फळी होती. तिच्यावर थोरला जावई म्हणून माझा एकट्याचा फोटो उभा असायचा. पुढच्या खेपेला गेलो तर तिथे चषक.

"माझा फोटो कुठे गेला?" मी शक्य तितक्या सहज विचारले.

"कोठीत ठेवलाय हो, जावईबापू. तांदळाच्या पिंपामागे," सासूबाई म्हणाल्या. "चषकाला जागा नको का?"

माझा तिळपापड झाला. त्या रात्री मला जेवण गेले नाही. (म्हणजे चौथी पुरणपोळी गेली नाही.) येत्या उन्हाळ्यात जिंकायचे आणि पिंपामागून बाहेर यायचे, एवढे एकच ध्येय उरले.

वसंतरावांच्या मोटारीत असे काय होते, याचा मी बारा महिने जळत जळत विचार केला. शेवटी छडा लागला. निशाण पडताच माझी मोटार मागून खाली बसायची आणि नाक वर करायची, अगदी शिंक आल्यासारखी. निम्मा जोर त्यातच जायचा. वसंतरावांची मात्र जागच्या जागी ताठ! माझे मागचे पाटे (म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) म्हातारे झाले होते. आता पाट्यांच्या वर काहीतरी टणक ठोकून बसवले की मोटार बसणारच नाही.

पण नियम आडवे आले. शर्यतीचे परीक्षक खाकी अर्ध्या चड्डीतले एक कडक गृहस्थ होते. ते दरवर्षी मोटारीखाली शिरून पाटे मोजायचे. पाटा वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, आणि पाटा नि सांगाडा यांच्यामध्ये लोखंड, लाकूड किंवा रबर घालायचे नाही. हा नियम त्यांनी गेल्या वर्षी सगळ्यांना ओरडून सांगितला होता.

लोखंड, लाकूड, रबर. मी दुकानात बसून घोकत होतो. समोर परातीत चिक्की थापलेली होती. मी तिच्यावर हातोडी मारली. हातोडी उडाली!

"मालती!" मी बायकोला हाक मारली. "चिक्कीचं नाव नियमात नाही!"

"कसल्या नियमात?"

मी सांगितले.

"अहो, गिऱ्हाइकाला रोज काय बजावता? उन्हात ठेवू नका म्हणून ना?"

"ते खायच्या चिक्कीचं!" मी म्हणालो. "ही बांधकामाची आहे."

विटेएवढे दोन जाडजूड ठोकळे मी स्वतः ओतले. गूळ कडक पाकाचा, दाणे अख्खे. डाव्या-उजव्या पाट्यांवर ते ठोकून बसवले आणि भल्या पहाटे, धुक्यात, मोटार पळवून पाहिली. काय सांगू! मागून तसूभरही बसली नाही. वसंतरावांचा चषक मला कोठीत, पिंपामागे दिसू लागला.

शर्यतीच्या दिवशी परंदवडीला सूर्य नुसती आग ओकत होता. परीक्षक मोटारीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर येईनात.

"हे काय आहे?" आतून आवाज आला.

"शेंगदाण्याची चिक्की."

"कशासाठी?"

"नियमात मनाई नाही, साहेब."

मग 'कट्' असा आवाज झाला. परीक्षक तोंड हलवत बाहेर आले. "मनाई नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "वेलची जरा कमी आहे."

मोटार पास झाली! वसंतराव हसत हसत माझ्याशी हात मिळवायला आले. "नाना, कमाल केलीत. हे मला सुचलं नसतं." हा माणूस मनापासून कौतुक करायचा, याचाच मला जास्त राग यायचा.

आमची जोडी शेवटची होती. रणरणत्या उन्हात आम्ही रांगेत थांबलो. वसंतरावांनी आपली मोटार बाभळीखाली लावली आणि मलाही बोलावले. त्यांच्या सावलीत उभा राहीन तर शपथ! मी उन्हातच उभा राहिलो.

थोड्या वेळाने छान खमंग वास सुटला.

"कुणाकडं तरी पुरान शिजतंय," एक आजीबाई म्हणाल्या.

आधी माश्या आल्या. मग मुंगळे आले. आमचा नंबर लागला तेव्हा माझ्यामागे उन्हातल्या जागेपासून गुळाची धार होती आणि त्या धारेवरून, आरामात चाटत चाटत, एक बैल येत होता.

"आवो पावनं!" बैलाचा मालक मागून पळत आला. "गाडी हाय का गुऱ्हाळ?"

"बैल आवरा तुमचा!"

"म्या कसा आवरू? त्येला गूळ तुमी दावलाय!"

तेवढ्यात निशाण पडले. वसंतराव सुटले. मीही दणकून पाय दाबला. उजवीकडची चिक्की उन्हाने पार वितळली होती, डावीकडची सावलीत असल्याने शाबूत होती. मोटार एका कुशीवर कलली आणि रस्ता सोडून थेट शेतात घुसली. समोर कडब्याची गंजी आली. मी ब्रेक दाबला. वेग कमी झाला, म्हणून मी आणि मोटार दोघे अलगद गंजीत जाऊन बसलो. मागून तर बसलीच, पुढूनही बसली!

मी बाहेर आलो तेव्हा अंगभर कडबा होता. बैल सावकाश चालत शेत ओलांडून आला आणि उरलेला ठोकळा चाटू लागला.

"आता हालू नगा," मालक म्हणाला. "त्येचं हुईस्तवर ऱ्हावा हितंच. मधीच हाकललं तर रुसतो त्यो."

मी वाकून मोटारीखाली बघत होतो, एवढ्यात खटका वाजला. वसंतराव शर्यत जिंकून, वळून, माझ्या मदतीला आले होते, आणि हातात कॅमेरा होता. पुढे दोर लावून मला तळेगावपर्यंत ओढतही त्यांनीच नेले. वाटेत पाणी पाजले. एकदाही हसले नाहीत. मला ते अजून सहन होत नाही.

पुढच्या महिन्यात सासूबाईंकडे गेलो. फळीवर दोन चषक होते आणि त्यांच्या मधोमध, चौकटीत, चक्क माझा फोटो! पिंपामागून मी बाहेर आलो होतो! माझे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या आणि फोटोकडे निरखून बघू लागल्या.

"हे कोण हो?"

"तो ना? परंदवडीचा बैल," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "वसंतरावांनी काढलाय. किती छान आलाय नाही?"

"आणि हे मागे वाकलेलं?"

सासूबाईंनी चष्मा लावला आणि फोटो उजेडात धरला.

"ते होय," त्या म्हणाल्या. "ते आमचे थोरले जावई. पण बैल बघा, कसा ताठ उभा आहे!"