बन्सीची मोटार

पोखर्णीच्या वाटेवर पार्वतीबाईंच्या मळ्यात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये दोन विलायती मोटारी, एक लाल अल्फा, एक हिरवी जॅग्वार. मालकांनी हौसेनं घेतलेल्या. मालक गेले आणि हौस ड्रायव्हर सूर्यभानच्या गळ्यात पडली. माणूस तोंडाचा फटकळ, हाताचा सबुरीचा. "बायकोपरीस मोटारीलाच जास्त पुसतेत," असं त्याची बायको केशरबाई चारचौघांत म्हणायची आणि तो हसायचा.

हसणं संपलं ते धाकटा भाऊ बन्सीधर गेल्यावर. गंगाखेडच्या रस्त्यावर लाल अल्फाचं चाक बदलताना त्याला साप डसला आणि दवाखान्याच्या वाटेवर, सूर्यभानच्या शेजारच्या सीटवरच त्यानं प्राण सोडला. असा गेलेला माणूस वाटेत घुटमळू नये म्हणून त्याला हाक मारून घरी आणतात. तेराव्यानंतर सूर्यभान तीच मोटार घेऊन त्या जागी गेला, "बन्सी, चल," म्हणाला आणि मागं न बघता परतला.

बन्सी आला, पण शेडपर्यंतच. रोज सकाळी त्याच्या बाजूची काच आतून धुकटलेली असायची, ऐन वैशाखातसुद्धा. "बन्सी, चल," म्हटल्याशिवाय अल्फा सुरू होत नसे. सूर्यभानला भीती वाटायची, खोटं कशाला बोला; पण भाऊ होता.

सत्त्याऐंशी साली पुण्याचे दिनकरराव आले. जुन्या मोटारी जमवायचा त्यांना नाद. परभणीत नामांतराच्या मोर्चानं रस्ता भरला होता, म्हणून पोचेपर्यंत दुपार झाली. पार्वतीबाई म्हणाल्या, "दोन्हीतली एक न्या. एक यांची आठवण म्हणून राहू द्या."

दिनकररावांनी दोन्ही मोटारी खालून-वरून पाहिल्या. "हिरवी जॅग्वार ताकदीची, पण रंग नवा, सीटा बदललेल्या. अल्फा लहान, स्टिअरिंग डावीकडं. पण कारखान्यातून निघाली तशीच आहे. जमवणाऱ्याला हेच लागतं."

सूर्यभान मधे पडला. "साहेब, लालचं सामान तुमाला घावायचं न्हाई. हिरवी लय भारी हाय, लांबच्या पल्ल्याला रस्ता धरून चालती."

"मग सुरू करून दाखवा. झाली तर हीच नेतो."

जॅग्वार महिनाभर हलली नव्हती. घरघरली आणि गप्प झाली. दिनकररावांची नजर पुन्हा लाल मोटारीकडं वळली. सूर्यभाननं घाईनं परत बटण दाबलं आणि रोजच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बन्सी, चल."

जॅग्वार एका दमात सुरू झाली.

आपण काय बोलून बसलो हे त्याला उमगलं, तोवर दिनकरराव स्टिअरिंगवर बसून शेजारची काच रुमालानं पुसत होते. "हिच्यात वाफ धरते का हो?" त्यांनी विचारलं.

सूर्यभान काय सांगणार? माझ्या भावाला उतरवा म्हणून? मोटार मळ्याबाहेर पडली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

तो धावत शेडमध्ये आला, अल्फात बसला, किल्ली फिरवली. हाक मारायच्या आतच इंजिन सुरू झालं. शेजारची काच लख्ख होती. मग त्यानं हाका मारल्या, आधी हळू, नंतर गळा फाटेपर्यंत.

दिवेलागणीला तो पार्वतीबाईंच्या ओसरीसमोर उभा राहिला. "बाईसाहेब, लाल बी इकून टाका."

"अरे, तीच राहावी म्हणून तर एवढा धडपडलास ना?"

"आता ती नुसती मोटार हाय," सूर्यभान म्हणाला. बन्सी गेला तेव्हा न रडलेला हा माणूस पायरीवर बसून रडायला लागला.