त्रेचाळीस फुल्यांची गोधडी

जोतीरामकाका रिटायर झाले आणि आमच्या मजल्याच्या डोक्याला ताप झाला. रबाळ्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं तयार माल तपासला होता. हातात निळा खडू. पंपात खोट दिसली की त्यावर फुली. आपली फुली पडलेला माल मालकाचा बापसुद्धा बाहेर पाठवू शकत नव्हता, असं ते स्वतःच सांगत, आणि दिवसातून तीनदा सांगत. कारखाना सुटला, खडू काही सुटला नाही. शहाण्णव सालच्या दिवाळीत सानपाड्याच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात त्यांनी सतरा फुल्या मारल्या, कारण तेवढ्या पायऱ्या उंच-सखल होत्या. मी फराळाचं ताट दिलं तर त्यातली एक चकली परत आली. म्हणाले, "हिचा वेढा सुटलाय." मी म्हटलं, "काका, चव तर सुटली नाही ना? मग खा गुमान." माझं तोंड पहिल्यापासून फटकळच आहे. त्यांनी ती खाल्ली, पण उलटीसुलटी करून बघत खाल्ली.

या माणसाबरोबर तीस वर्षं संसार केलेली बाई म्हणजे रंगूमावशी. साताऱ्याकडच्या. अंगानं किडकिडीत, पण गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या बिल्डिंगमधला भाजीवाला वर यायचा. आमच्या सोसायटीतलं एकही बाळ मावशींच्या गोधडीशिवाय वाढलेलं नाही. माझ्या पार्थची गोधडी त्यांचीच. कुणाकडे दिवस गेलेत कळलं की मावशींचा निरोप हजर: जुनी लुगडी, साड्या, धोतरं, काय असेल ते द्या. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलंच लावायचं, हा त्यांचा नियम.

आणि आता त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, तेजश्रीला, सातवा लागला होता. तेजश्री दिली होती कल्याणला. तिच्या सासूबाई, सुचित्राबाई, मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. मावशींकडे फोन नव्हता, त्यामुळे सुचित्राबाईंचा फोन आमच्याकडे आला आणि मी शेजारी उभी राहून सगळं ऐकलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फोन माझा होता.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मला माहीत आहे," सुचित्राबाई म्हणाल्या. "पण तुमचं वय, तिसरा मजला, पाण्याच्या वेळा. रविवारी मी येऊन बघते. मग ठरवू इथे करायचं की तिथे."

मावशींनी फोन ठेवला आणि मटकन खुर्चीत बसल्या. "तपासाय येतीया बया. नंदिनी, एकच लेक हाय गं माजी. तिचं बाळातपन मला न्हाई करू दिलं तर जगून काय उपेग?" मग पदरानं तोंड पुसून उठल्या. "शिवनाची बाई हाय न्हवं? मग शिवनच दाखवते तिला."

आता जी गोष्ट फक्त मला माहीत होती, ती सांगते. काका सकाळी दुधाला गेले की मावशी उशी घेऊन माझ्या दारात यायच्या. उशीला पंधरा सुया टोचलेल्या. "ओवून दे गं पटापटा, हे यायच्या आत." पहिल्यांदा मला वाटलं, वय झालं, होतं असं. मग एकदा त्यांनी माझ्याच घरात साखर समजून चहात मीठ घातलं. मी स्पष्ट विचारलं तेव्हा कबूल झाल्या. उजव्या डोळ्यापुढे धुकं, डावा त्यातल्या त्यात बरा. दोन वर्षं झाली.

"अहो मावशी, मोतीबिंदू असेल. दाखवा डॉक्टरला!"

"दाखवीन की. बाळातपन झाल्यावर. आमची आत्या डोळ्याचं आपरेशन करून आली, ती मरस्तवर भित धरून चालली. आन् ईहीनबाईला कळलं तर लेक धाडील व्हय ती आंधळीकडं? ह्यास्नी सांगितलंस तर तुजी-माजी बोली बंद."

मी तोंड शिवलं. माझ्यासारखीनं दीड महिना तोंड बंद ठेवायचं म्हणजे पोटात दुखायला लागतं, पण ठेवलं.

गोधडी होत आली होती. पोटात तीन जुन्या साड्या, कडेनं मावशींच्या लाल आणि हिरव्या लुगड्याचे तुकडे, आणि मधे सगळं काकांचं जुनं पांढरं धोतर. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं बारीक धावदोरा, कडेपासून आत आत. सोमवारी शेवटची ओळ झाली, मावशींनी दोरा दातानं तोडला आणि आंघोळीला गेल्या. तेवढ्यात काकांनी गोधडी कॉटवर पसरली, पोलादी पट्टी काढली, खडू काढला. मावशी बाहेर आल्या तोवर त्रेचाळीस फुल्या पडल्या होत्या.

आरडाओरडा ऐकून मी धावले. काका एकेक दाखवत होते. "हितं टाका सुटलाय. हितं दोनदा एकाच जागी. हितं पोटातलं कापड गोळा झालंय, बोट लावून बघ. आन् हितं तर वळच सोडून शिवलंय. असला माल मी कंपनीत गेटाजवळबी जाऊ दिला नसता."

"त्रेचाळीस?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं माज्या चुका मोजताय, आन् आकडा त्रेचाळीसच झाला व्हय?"

पण मला दिसत होतं, त्यांचा चेहरा उतरला होता. रविवारला सहा दिवस होते.

मग दुरुस्ती सुरू झाली. टाका उसवायचा, भोकं दिसू नयेत म्हणून बोटावर पाणी घेऊन तिथे नखानं घासायचं, पोटातली घडी दाबून सरळ करायची आणि पुन्हा शिवायचं. निळी फुली मावशींना दिसे. फुलीखालचा पांढरा टाका दिसत नसे. त्यामुळे चुकीचा टाका तिथेच राही आणि शेजारचा चांगला उसवला जाई. मंगळवारी संध्याकाळी काकांनी पुन्हा मोजलं. सेहेचाळीस.

मावशींनी मग युक्ती काढली. जिथे फारच घोळ झाला तिथे लाल कापडाचं फूल कापून वर ठिगळ लावलं. काका म्हणाले, "काल हितं फूल नव्हतं."

"काल कळी हुती," मावशी म्हणाल्या.

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. काकांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी बराच विचार करून दोष उजेडाचा आहे असं ठरवलं, आणि बुधवारी दोनशे वॅटचा दिवा आणून नेमका गोधडीच्या वर टांगला. खोलीत लग्नाच्या मांडवाइतका झगझगाट झाला. त्या उजेडात मावशींना पांढऱ्या धोतरावर पांढऱ्या लखलखाटाशिवाय काहीच दिसेना. रात्रीच्या जेवणाआधी आकडा एकावन्नवर गेला. "पूर्वी हात कसा सरळ हुता तुजा, आता काय झालं?" असं काका ओरडले, आणि मावशी रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं. म्हटलं, मरू दे ती बोली, सांगून टाकते ह्या माणसाला. पण मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी घरी जाऊन भांडी आपटली.

गुरुवारी दुपारी मी चहा घेऊन गेले तर काका गोधडीवर उकिडवे बसून बोटानं मोजत होते. "लाल तुकडा, खोट न्हाई. हिरवा, न्हाई. लाल, न्हाई. पांढऱ्यावर, एकावन्न." पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग नेहमीच्या सवयीनं मला सांगायला लागले, "कंपनीत आमचा नियम हुता, नंदिनी. खोट एकाच जागी यायला लागली तर कामगाराला शिव्या द्यायच्या न्हाईत. आदी बघायचं, त्याला..."

आणि थांबले. मावशी कॉटच्या कडेला बसून एक फुली बोटानं चाचपत होत्या, आणि सुई फुलीच्या चांगली दोन बोटं बाजूला खुपसत होत्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझ्या तोंडावर काही लपत नाही.

काका उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. अर्ध्या तासानं आले ते लाल दोऱ्याचं रीळ घेऊन. "दुकानात पांढरा संपला."

"पांढरा दोरा संपतुय व्हय कुटं?"

"संपला म्हंजे संपला. पांढऱ्यावर आता लाल घाल." आणि तो दोनशेचा दिवा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशी आलीच नाही. मी डोकावले, तर काका दारात उजेडाला बसून जीभ बाहेर काढून सुया ओवत होते. पंधराच्या पंधरा. मावशी आत चहा करत होत्या, त्यांना जणू काही माहीतच नाही. ते विचारत नव्हते, ह्या सांगत नव्हत्या. दोघांचा राग आला मला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. शनिवारपर्यंत धोतरभर लाल टाके पडले. मावशींना ते दिसत होते. सरळ सगळे नव्हते, पण एकही सुटलेला नव्हता.

रविवारी सुचित्राबाई आल्या. बरोबर पोटाला सांभाळत तेजश्री. सुचित्राबाईंनी स्वयंपाकघर बघितलं, पाण्याचा पिंप बघितला, न्हाणीघरात पाय घसरतो का तेही बघितलं. मग कॉटवर बसून गोधडी मांडीवर घेतली आणि चष्मा नाकावर ओढला. मावशी पदराचं टोक पिळत उभ्या.

"कडेचा हात सुरेख आहे," सुचित्राबाई म्हणाल्या. "पण मधे हे काय? टाके वाकडे, आणि त्यात पांढऱ्यावर लाल दोरा. वाकडा टाका कुणी असा दाखवून घालतं का?"

"ते मी घातल्यात," काका म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसानं बावीस वर्षांत दुसऱ्याची एक खोट पोटात घातली नाही, तो ह्या चुका स्वतःच्या नावावर घेत होता. "ही एकटी किती करनार? मदल्या वळी माज्या. मला सवय न्हाई, म्हनून वाकडं झालं."

झालं! मावशी उसळल्या. "तुमी? सुईला भोक कुटल्या टोकाला असतंय ते तरी म्हाईत हाय का? ईहीनबाई, ह्यातला एक टाका ह्यांचा न्हाई. समदे माजे हायत! वाकडे आल्यात कारन मला दिसत न्हाई!"

बोलल्या, आणि तोंडावर हात गेला. तेजश्री "आई!" म्हणून ओरडली. मग मावशी सुचित्राबाईंच्या समोर खालीच बसल्या. "दोन वर्सं झाली. म्या लपवलं. पन लेकीला माज्याकडं धाडा. डोळा गेलाय, हात हायत माजे."

सुचित्राबाईंनी गोधडीची नीट चौघडी केली. "हात दिसतायत मला," त्या म्हणाल्या. "न दिसता एवढं शिवलंत. माझ्या शाळेतल्या मुली डोळे असून शिवत नव्हत्या. तेजश्री इथेच येईल. पण आधी ऑपरेशन."

"म्या न्हाई डोळा कापून घ्यायची. आमची आत्या..."

"मग नातवंड काय, चाचपून ओळखणार?"

मावशींपुढे कुणाचा शब्द शेवटचा ठरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, "कवा जायाचं?"

पंधरवड्यात ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून मावशी चार दिवस कॉटवर पडून सगळ्या सोसायटीला सूचना देत होत्या. पुढे काळा चष्मा आला, आठव्यात तेजश्री आली, आणि बरोबर दिवस भरून मुलगी झाली. बाळ घरी आलं त्या दिवशी मावशींनी काळा चष्मा काढून ठेवला, नातीचं तोंड खिडकीशी नेऊन दहा मिनिटं बघितलं, आणि मोठ्यानं रडल्या. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

मग बाळाला तेजश्रीकडे देऊन त्यांनी अंथरलेली गोधडी उचलली. नीट उजेडात त्यांनी ती अजून बघितलीच नव्हती. "अगं आई गं! हे असलं मांडीवर दिलं व्हय मी ईहीनबाईच्या?" असं म्हणून कात्री घेऊन बसल्या, सगळं उसवायला.

काकांनी गोधडीचं दुसरं टोक धरलं. "ह्यातला एक टाका उसवायचा न्हाई."

"अवं, तुमीच मोजल्या हुत्या की! एकावन्न चुका हायत!"

"बावन्न," काका म्हणाले. "एक माजी हाय. दोन वर्सं एका घरात ऱ्हाऊन तुजा डोळा मला कळला न्हाई."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. चांगलं निरखून, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मग कात्री खाली ठेवली.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "तीबी ऱ्हाऊ द्या."