हवेतलं साड्यांचं दुकान

जवळ असतीस तर कानच धरला असता गं तुझा. परवा फोनवर म्हणालीस, डोळ्यांवर चष्मा चढवून हवेत वस्तू मांडायचं तुझं काम अगदी नवीन आहे; मावशीला विचारायचं तरी! आज कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला आणि नव्वदच्या दशकातला तो दिवस आठवला. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या दुकानात मी साड्यांच्या घड्या घालायचे, आणि तुझ्या आईने तिथल्या शेठसाठी कॉम्प्युटरमध्ये दुकान उभारलं होतं. वायर लावलेला जड टोप घातला की चहूबाजूंना साड्यांची कपाटं दिसायची. सकाळी शेठ साडी शोधत गरगर फिरले, वायरीत अडकले, चक्कर येऊन मटकन खाली बसले. "बेन, पाच वाजता परत बघतो. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नका." तुझी आई रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अगं, तू तर गोडाऊन मांडलंयस! गिऱ्हाईक गादीवरून उठतं का कधी? साडी त्याच्या मांडीपुढे उलगड, पदर त्याच्याकडे." न जेवता ती कॉम्प्युटरमधली मांडणी बदलत बसली. पाचला शेठनी गादीवर बसून टोप चढवला. तुझ्या आईने माझं मनगट गच्च आवळलं. तेवढ्यात शेठ वाकले आणि पोत बघायला दोन बोटं हवेतच चोळू लागले! "अरे, आ तो हाथमां आवती नथी!" ही तर हातातच येत नाही, म्हणत खो खो हसले. "उद्या लवकर या बेन, किनार अजून नीट दाखवा." आता गुडघ्यांपायी माझं कुठे जाणं होत नाही, तेव्हा तूच तो चष्मा घेऊन लवकर ये बाई.